आजोबांच्या रेडिओला पॉलिश कोणतं?

प्रश्न : ताई, आजोबांनी 1956 साली घेतलेला मर्फीचा व्हॉल्व्हचा रेडिओ आमच्याकडे आहे. त्या वर्षी वडील मॅट्रिक झाले, म्हणून साल पक्कं लक्षात. प्रेसच्या क्वार्टरमध्ये वीसेक वर्षं वाजला, मग माळ्यावर गेला. आता खाली काढलाय. पॉलिशला उभ्या-आडव्या बारीक भेगा आहेत, वर फुलदाणीचा पांढरा गोल डाग आहे आणि उजव्या कोपऱ्यात लाकडाचा पापुद्रा सुटलाय. पॉलिशवाला म्हणतो, ‘सगळं घासून काढू, मेलामाइन मारू, नाहीतर पीयू. आरसा करून देतो.’ बहीण म्हणते पांढरा रंग द्या, हॉलला शोभेल. वडील (वय 86) काही बोलत नाहीत, येता-जाता त्याच्यावर हात फिरवतात. नेमकं काय करावं? – एक वाचक, नाशिक रोड

उत्तर : बहीण घरी येईल तेव्हा रेडिओ आतल्या खोलीत ठेवा. एवढं आधी करा, बाकीचं सावकाश.

पॉलिशवाल्याचं म्हणाल तर तो फसवत नाहीये. त्याचं पोट डायनिंग टेबलांवर आणि मॉड्युलर किचनच्या दारांवर चालतं. तिथे मेलामाइन आणि पीयू (पॉलियुरेथेन) ही टणक पॉलिशंच हवीत. गरम कढई ठेवली, लिंबू सांडलं, मुलांनी वह्या घासल्या, सगळं ती बऱ्यापैकी सोसतात. रेडिओवर कोणी कढई ठेवत नाही. (फुलदाणी ठेवतात, हे तुमच्या पत्रावरून कळलंच.)

माझे सासरे, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, देवळालीच्या बंगल्यांमधलं फर्निचर पॉलिश करायचे. मी लग्न होऊन जुन्या नाशकातल्या या घरात आले तेव्हा अंगणभर चपड्याचा, म्हणजे पॉलिशच्या लाखेचा, आणि स्पिरिटचा वास असायचा. पहिल्या आठवड्यात माझं डोकं दुखलं, दुसऱ्यात सवय झाली, तिसऱ्यात अण्णांनी हातात कापसाचा बोळा दिला. त्यांचं एक वाक्य रोज कानावर पडायचं : ‘रंग लाकडात बघू नको, पॉलिशात बघ.’ कपाटांच्या बाबतीत मला ते कधी पटलं नाही. रेडिओ आला तेव्हा पटलं.

त्या काळातल्या बहुतेक रेडिओंची पेटी अख्ख्या लाकडाची नसते. आत प्लायवुड, वर अक्रोडाचा किंवा तशाच एखाद्या लाकडाचा पातळ पापुद्रा, म्हणजे व्हिनियर. जाडी फार तर एक मिलिमीटर, बऱ्याचदा त्याहून कमी. मागच्या बाजूला फळीची कड उघडी असते, तिथे टॉर्च मारून बघा. पावाच्या स्लाइसवर लोण्याचा थर असावा तसे थर दिसतील. आता त्याच्यावर मशीनचा पॉलिश पेपर फिरला की काय होईल, सांगा. कोपऱ्यावर तर चार फेऱ्यांत खालचा प्लाय पांढरा डोकावतो. मग त्याला झाकायला गडद रंग, आणि तो गडद रंग सगळीकडे सारखा दिसावा म्हणून आणखी गडद रंग. पांढऱ्या प्लायवरून काळ्याकुट्ट झालेल्या तीन पेट्या माझ्याकडे दुरुस्तीला आल्यात. तिन्ही परत पाठवल्या.

आणि तो रंग. तुमच्या रेडिओच्या कडा मधल्या भागापेक्षा गडद आहेत का? डायलच्या भोवतीची पट्टी जवळजवळ काळपट आहे का? ते लाकूड तसं नव्हतं. कारखान्यात पारदर्शक लॅकरमध्येच रंग मिसळून कडांवर फवारायचे. ते लॅकर खरवडलं की ती सगळी सावली त्याच्याबरोबर कचऱ्यात जाते, आणि खाली उरतं फिकट, एकसुरी लाकूड. काही परदेशी रेडिओंवर तर लाकडाच्या रेघासुद्धा छापलेल्या असतात! त्या खरवडल्या तर काहीच उरत नाही. म्हणून ‘कोणतं पॉलिश मारू’ याच्या आधी ‘आत्ता त्याच्यावर काय आहे’ हे बघायचं.

ते कळायला दहा मिनिटं पुरतात. कान साफ करायची कापसाची काडी घ्या. पेटीच्या तळाशी किंवा मागच्या कडेला, जिथे कोणी बघत नाही तिथे, स्पिरिटमध्ये बुडवून अर्धा मिनिट टेकवा, मग हलकेच चोळा. पॉलिश चिकट होऊन काडीला तपकिरी आलं तर ती लाख आहे, म्हणजे चपडा, म्हणजे फ्रेंच पॉलिश. काही झालं नाही तर दुसरी काडी, दुसरी जागा, आणि एनसी (नायट्रोसेल्युलोज) थिनर. विरघळलं तर नायट्रोसेल्युलोज लॅकर. थिनरनेही हललं नाही तर कोणीतरी मधल्या काळात व्हार्निश किंवा मेलामाइन चढवून ठेवलंय. आधी स्पिरिट, मग थिनर, हा क्रम उलटा करू नका, कारण थिनरने लाखही सुटते आणि मग काहीच कळत नाही. 1956 चा कारखान्यातला माल म्हणजे माझा अंदाज लॅकरचा आहे. हे लॅकर कापसाच्या तंतूवर नायट्रिक आम्लाची प्रक्रिया करून बनतं. 1920 च्या दशकात मोटारींच्या रंगासाठी ते आलं आणि झटपट वाळतं म्हणून फर्निचर-रेडिओवाल्यांनी उचललं. वय झालं की ते ठिसूळ होतं. लाकूड पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात आकसतं, याला तसं हलता येत नाही. तुमच्या भेगा त्यातल्या.

पेटीला हात लावण्याआधी आतलं यंत्र बाहेर काढून घ्या, आणि ते जुन्या रेडिओच्या मेकॅनिककडूनच. प्लग काढलेला असला तरी आतल्या कंडेन्सरमध्ये वीज साठून राहू शकते. त्या काळातल्या बऱ्याच सेटमध्ये तर चालू असताना अख्खी पत्र्याची चौकटच मेनच्या लायनीला जोडलेली असते, तळाचे स्क्रूसुद्धा. छताला आतून राखाडी-पांढरा पुठ्ठा लावलेला दिसला तर त्याला घासू नका, झाडू नका, फाडू नका. व्हॉल्व्हची उष्णता लाकडाला लागू नये म्हणून काही सेटमध्ये ॲस्बेस्टॉस लावत, आणि त्याची धूळ छातीला वाईट.

डायलच्या काचेबद्दल मात्र मला माझं एक पाप सांगायचंय. माझा पहिला रेडिओ. काच मळकट, पिवळी पडलेली. मी बोळा स्पिरिटमध्ये बुडवला आणि मागून एकच हात फिरवला. काच लख्ख झाली. बोळ्याकडे बघितलं तर त्यावर पिवळी-लाल अक्षरं : दिल्ली, लाहोर, अर्धं सिलोन. स्टेशनांची नावं काचेच्या मागच्या बाजूला नुसत्या रंगात छापलेली असतात, पाण्यानेसुद्धा सुटतात. अण्णा काही बोलले नाहीत. दोन दिवस मला चहा मात्र त्यांनीच करून दिला, ते जास्त लागलं. तर काच पुढून पुसा, मागून मऊ कोरड्या ब्रशने फक्त धूळ झटका.

आता सफाई. मऊ फडकं, मिनरल टर्पेंटाइन, हलका हात. माळ्यावरची धूळ, देवघरातल्या उदबत्त्यांचा धूर, कोणीतरी कधीतरी चोळलेलं मेण, सगळं निघतं. पाणी नको. फडकं चहाच्या रंगाचं होईल, घाबरू नका, तो मळ आहे. ही सफाई झाल्यावर रेडिओ एक दिवस तसाच ठेवा आणि दिवसाउजेडी बघा. निम्म्या वेळा मालक इथेच म्हणतो, ‘अहो, बरा दिसतोय की.’ तसं वाटलं तर पातळ मेण लावा आणि थांबा. माझा धंदा बुडतो, पण थांबा.

भेगा डोळ्यांना खुपतच असतील तर जुनं लॅकर काढायचं नाही, वितळवून पुन्हा बसवायचं. लॅकर असेल तर थिनर, शक्यतो सावकाश उडणारा. लाख असेल तर स्पिरिट. फळी आडवी ठेवायची, मऊ ब्रश भरून घ्यायचा आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकच सरळ हात मारायचा. त्याच जागेवर परत ब्रश न्यायचा नाही. नेलात तर शेवयांसारखं ओढलं जातं. भेगांच्या कडा मऊ होतात, एकमेकींना मिळतात. वाळलं की पुन्हा एक हात. आधी मागच्या बाजूला करून बघा, तिथे जमलं तरच पुढे या.

पांढरा गोल डाग तुम्हाला सगळ्यात वाईट वाटत असेल, तो सगळ्यात सोपा. डाग पांढरा असेल तर ओल पॉलिशमध्ये अडकलेली असते, काळा असेल तर ती लाकडापर्यंत पोचलेली असते. तुमचा पांढरा आहे. वरच्या भेगा वितळवताना तो बहुतेक आपोआप जाईल.

सुटलेल्या पापुद्र्याखाली जुना सरस असेल तर वर फडकं ठेवून कोमट इस्त्री टेकवली की सरस मऊ होतो आणि पापुद्रा बसतो. इस्त्री मात्र पॉलिशचा नास करते, म्हणून आधी कोपऱ्यावरच करून बघा. सरस नसेल तर इंजेक्शनच्या सिरिंजने फेविकॉल आत सोडा, वर बटर पेपर, त्यावर सपाट फळी, त्यावर पाटा. रात्रभर. बाहेर आलेला फेविकॉल ओला असतानाच पुसा. वाळला की तिथे रंग धरत नाही.

आणि समजा चाचणीत कळलं की जुनं पॉलिश वाचण्यासारखं राहिलंच नाही, पापडासारखं सुटतंय? मग दोन रस्ते. हाताने करायचं तर चपडा. फवारायचं तर एनसी लॅकर, मूळ कारखान्याचं बहुतेक तेच होतं आणि तीच चमक येते. लॅकरला कंप्रेसर, मोकळी जागा, तोंडाला चांगला मास्क लागतो. थिनरची वाफ भडका घेते, त्यामुळे जवळपास गॅस, निरांजन काही नको. हे घरी जमत नाही. चपडा जमतो. माझं मत विचाराल तर तुमच्यासाठी चपडाच. तो जवळजवळ कशावरही धरतो, चूक झाली तर स्पिरिटने पुसून पुन्हा करता येतं, आणि पन्नास वर्षांनी तुमच्या नातवाला काही दुरुस्त करायचं झालं तर त्यालाही करता येतं. मेलामाइन आणि पीयूमध्ये हार्डनर असतो. ते एकदा पक्कं झालं की कुठल्याही थिनरने परत विरघळत नाही, फक्त खरवडून निघतं, आणि खरवडायला तुमच्याकडे एक मिलिमीटरसुद्धा नाही. शिवाय जुन्या लॅकरवर थेट मारलं तर खालचा थर सुरकुततो. चपड्याची खोड दोनच : पाणी आणि उष्णता. तेव्हा वर फुलदाणी नाही, चहाचा कप नाही, आणि मागचा पुठ्ठा भिंतीला चिकटवून ठेवायचा नाही. व्हॉल्व्ह तापतात, त्यांना वारा लागतो.

कडांची गडद सावली परत आणायला स्पिरिटमध्ये विरघळणारा रंग चपड्यात चिमूटभर टाकून फक्त कडांवर बोळा फिरवायचा. पाच-सहा पातळ हात, एक जाड नाही. काम सुरू करण्याआधी पेटीचा फोटो काढून ठेवा, नाहीतर सावली कुठे संपत होती ते आठवत नाही.

एकच गोष्ट राहिली : आत्ता करू नका. तुमचं पत्र श्रावणात आलंय. पावसाळी हवेत स्पिरिट किंवा थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो, हवेतली ओल त्यावर बसते आणि ताक शिंपडल्यासारखं पांढुरकं होतं. आमच्या अंगणात एका नागपंचमीला अख्खं कपाट असं झालंय. दसऱ्यानंतर हवा कोरडी होते, दिवाळी ते फेब्रुवारी आपल्या नाशकात यासाठी उत्तम. कडाक्याच्या थंडीत मात्र सकाळी नको, ऊन वर आल्यावर. बाहेरची धूळ बसू नये म्हणून काम घरात करा, पण वाफ जायला वाट हवी. तोवर सफाई आणि मेकॅनिकचं काम उरकून घ्या. आणि वडील हात फिरवतात ना, त्यांना विचारा, तेव्हा तो किती चकाकायचा. सगळेच रेडिओ आरसे नव्हते.

प्रश्न : तुमच्या सदरात वाचून चपडा आणला, स्पिरिटमध्ये भिजवला, आजीच्या पेटीवर लावला. तीन दिवस झाले, अजून बोट चिकटतं. – एक वाचक, पंचवटी

उत्तर : चपडा जुना आहे, किंवा स्पिरिटमध्ये पाणी आहे, किंवा तुम्ही खीर करून ठेवलीत. तिन्ही तपासा. 100 मिली स्पिरिटला 25 ग्रॅम चपडा पुरे, शेवटच्या हातांना 12-15 ग्रॅम. रात्रभर भिजवा, मलमलमधून गाळा. भिजवलेला चपडा सहा महिन्यांनंतर मी वापरत नाही, तो वाळायचं विसरतो. लावण्याआधी काचेच्या तुकड्यावर एक थेंब टाकून ठेवा. दुसऱ्या दिवशी नखाने टिकली फुटली पाहिजे. दाबली जात असेल तर बाटली ओतून द्या. पेटीवरचं स्पिरिटच्या फडक्याने पुसून काढा, निघेल. आणि हे स्पिरिट विषारी असतं, बाटलीवर मोठ्या अक्षरांत लिहा, पाण्याच्या बाटलीत तर मुळीच भरू नका.

जाताजाता : बटण लाख, म्हणजे बटणासारख्या चकत्यांची लाख, मिळाली तर जुन्या गडद लाकडाला ती छान. फिकट लाकडाला ब्लीच केलेली. बाकी साधा नारिंगी चपडा. बरीचशी लाख झारखंड-छत्तीसगडातून येते, आपल्या ओळखीच्या पळसासारख्या झाडांवर पोसलेल्या किड्यांची.

प्रश्न : सासूबाई दर शनिवारी रेडिओला खोबरेल तेल लावतात. मी त्याऐवजी चकाकीचा स्प्रे आणला. कोण बरोबर? – एक वाचक, ओझर

उत्तर : दोघीही नाही, पण सासूबाई कमी चुकतात. खोबरेलावर धूळ बसते, ते खवट होतं, भेगांत जाऊन काळं पडतं, पण टर्पेंटाइनने निघतं. तुमच्या स्प्रेमध्ये सिलिकॉन असेल तर ते निघता निघत नाही, आणि उद्या कोणी लॅकर मारलं की पृष्ठभागावर माशाच्या डोळ्यांसारखे गोल खड्डे पडतात. गाडीच्या पॉलिशचंही तेच. कोरडं मऊ फडकं, वर्षातून एकदा मेण. जवसाचं तेलही नको. आणि कोणी सांगून लावलंच तर तेलाचे बोळे चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका, ते आपोआप पेट घेऊ शकतात. पाण्यात भिजवून, पसरून वाळवून मग टाका.

प्रश्न : तुमचं सदर आधी वाचायला हवं होतं. मागच्या वर्षी आमच्या रेडिओला मेलामाइन मारून झालंय. प्लॅस्टिकसारखा चकाकतो. आता परत काढून चपडा करू का? – एक वाचक, सिन्नर

उत्तर : नको. एकदा घासून झालंय, पापुद्रा किती उरलाय कोण जाणे, दुसऱ्या घासणीत जाईल. फक्त चकाकी उतरवा. 1500 नंबरचा वॉटर पेपर साबणाच्या पाण्यात भिजवून हलक्या हाताने, रेघांच्या दिशेने, कोपरे सोडून. पाणी जास्त सांडू देऊ नका, कडेने आत जातं. कोरडं पुसून अगदी बारीक स्टील वूलने मेण लावा, मऊ फडक्याने ओढा. निम्मी प्लॅस्टिकची कळा जाते.

मग मागचा पुठ्ठा उघडा आणि आतल्या बाजूला एक चिठ्ठी चिकटवा : काय मारलं, कोणत्या महिन्यात, खाली आधी काय होतं आठवत असेल तर तेही. माझ्याकडे येणाऱ्या पेट्यांपैकी एकीतच अशी चिठ्ठी होती, अण्णांच्या अक्षरातली, पेन्सिलीने : ‘चपडा, 4 हात, कार्तिक.’ त्या पेटीला मी नुसतं मेण लावून परत दिलं.